भावाला सरकारी आयटीआयला फिटर लागलाय, घालावं का? घरात एकमत होत नाहीये

थोरली_ताई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ यंदा दहावी झाला, ६८ टक्के. आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरला होता, पहिली पसंती इलेक्ट्रिशियन, दुसरी मोटार मेकॅनिक, तिसरी फिटर. आता तालुक्याच्या सरकारी आयटीआयला फिटर लागलाय. बाबांचं म्हणणं, ज्याला कुठंच प्रवेश मिळत नाही तो आयटीआयला जातो, त्यापेक्षा अकरावी सायन्स घे. मामा म्हणतो खाजगी पॉलिटेक्निकला डिप्लोमा कर, पण तिथली फी आम्हाला कर्जाशिवाय झेपणार नाही. आणि ज्याचं आयुष्य आहे तो "तुम्ही म्हणाल ते" एवढंच बोलतो. पण घरातला मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांच्या सायकली, सगळं तोच खोलतो आणि परत जोडतोही.

फी नाममात्र आहे हे खरंय, पण निव्वळ स्वस्त पडतं म्हणून त्याला तिकडं ढकलतोय असं मला व्हायला नकोय. मी स्वतः बीए केलं ते कॉलेज घराजवळ होतं म्हणून, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. फिटर नक्की करतो काय? आयटीआय केलं की पुढचं शिक्षण संपलं का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा, मंगळवारपर्यंत ठरवायचंय.

मेंटेनन्स_दादा
ताई, मी फिटरच आहे, सरकारी आयटीआयचा, आता कारखान्यात मेंटेनन्सला आहे.

फिटर म्हणजे मशीनचे भाग बनवणं, जोडणं, बसवणं आणि बिघडलं की शोधून काढणं. कोर्स २ वर्षांचा. सुरुवातीचे महिने फक्त हॅकसॉ आणि फाइल, म्हणजे लोखंडाचा तुकडा कापायचा आणि घासून घासून काटकोनात आणायचा, सर ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरतात आणि फटीतून उजेड दिसला की परत घास. हाताला फोड येतात. आमच्या बॅचमधली काही पोरं तिथंच कंटाळून गेली, पण ज्याला वस्तू खोलून बघायचा नाद आहे तो टिकतो, आणि तुमच्या भावाला तो आहे असं दिसतंय (परत जोडतो हे तर फार महत्त्वाचं, खोलणारे खूप असतात). नंतर ड्रिलिंग, टॅपिंग, थोडं लेथ (लोखंड फिरवून कापायचं मशीन), थोडं वेल्डिंग, पाइप फिटिंग, हायड्रॉलिक असं सगळं येतं. थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर, प्रॅक्टिकलला जॉब (म्हणजे मापाबरहुकूम केलेली वस्तू) बनवून द्यायचा, आणि हजेरी ८० टक्के लागतेच, हे आत्ताच सांगून ठेवा.

शिक्षण संपत नाही हो. २ वर्षांचा ट्रेड (म्हणजे फिटरसारखा आयटीआयचा कोर्स) झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, मी मेकॅनिकलला तसाच गेलो. हिशेब करा, सरळ डिप्लोमा ३ वर्षं आणि हा रस्ता, अप्रेंटिसशिपचा (कारखान्यात शिकाऊ म्हणून कामाचा) काळ सोडून, ४ वर्षं. शिकण्यात एक वर्ष जास्त गेलं पण हातात ट्रेडचं सर्टिफिकेट होतं, आणि डिप्लोमाला घरून पैसे मागावे लागले नाहीत कारण मधल्या काळात अप्रेंटिसशिप केली होती. त्यात विद्यावेतन मिळतं, पगार नव्हे पण पोराचा खर्च निघतो, २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये होतं.

चाकण_ते_घर
मी दुसरी बाजू सांगतो, वाईट वाटून घेऊ नका.

मीपण फिटर, मीपण सरकारी. आमच्याकडं निदेशकाची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या सरांची, जागा रिकामी होती, दुसऱ्या ट्रेडचे सर येऊन हजेरी घेऊन जायचे, लेथ होते पण निम्मे बंद आणि जे चालू त्यावर एकावेळी एकानंच काम करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. पास झालो, टक्केपण चांगले. मग कंपनीत इंटरव्ह्यूला हातात मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) दिला आणि म्हणाले या शाफ्टचं माप सांग. मला रीडिंग घेता आलं नाही. २ वर्षं शिकून. त्या दिवशी इतकी लाज वाटली की घरी कुणाला सांगितलं नाही. नंतर कॉन्ट्रॅक्टवर लागलो, ७ महिने झाले की ब्रेक, परत दुसरीकडं, असं बराच काळ चाललं. मापं घ्यायला मला शिकवलं ते लाइनवरच्या एका सीनियर माणसानं, जेवणाच्या सुट्टीत.

म्हणून आयटीआय चांगलं का वाईट असं विचारूच नका. ते एक आयटीआय, तो एक ट्रेड, तिथं आत्ता शिकवायला कोण आहे, हे बघा. सोमवारी भावाला घेऊन जा आणि ऑफिसात न विचारता थेट वर्कशॉपच्या दाराशी जा. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, या महिन्यात कुठला जॉब केलास, दाखव. दाखवला तर घ्या. "अजून मटेरियल आलं नाही" म्हणाला तर विचार करा.

जुने_निदेशक
वरच्या दोघांचंही खरं आहे. मी आयटीआयमध्ये निदेशक होतो, आता निवृत्त. रिकाम्या जागांचा त्रास मी आतून पाहिला आहे आणि त्यात मुलांचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही, त्यामुळे आधी जाऊन बघा या सल्ल्याला माझाही दुजोरा.

आता थोडं नियमांचं. पहिली पसंती लागली असती तर प्रवेश घ्यावाच लागला असता, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव गेलं असतं. तुमची तिसरी आहे, म्हणजे पुढच्या फेरीत इलेक्ट्रिशियनची वाट बघता येईल. पण तो ट्रेड सगळ्यांना हवा असतो, कट-ऑफ वर जातो, त्यामुळे मागच्या वर्षी त्याच संस्थेत तो किती टक्क्यांना बंद झाला ते बघून ठरवा. त्याला महावितरणमध्येच जायचं असेल तर मात्र ट्रेड महत्त्वाचा, विद्युत सहायकाच्या भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनच लागतं, फिटर चालत नाही. रेल्वेत फिटर चालतो, असिस्टंट लोको पायलटच्या पात्र ट्रेडमध्येही तो आहे. आणि रेल्वेची अप्रेंटिसशिप बहुतेक ठिकाणी दहावीच्या आणि आयटीआयच्या मार्कांच्या सरासरीवर मिळते, म्हणून आयटीआयचे मार्क "नुसतं पास झालं की बस" असे धरू नका.

बारावीची काळजी असेल तर भाषा विषयांची परीक्षा देऊन समकक्षता घेता येते, प्रवेशाच्या वेळीच त्याची चौकशी करा, पुष्कळ मुलांना हे दुसरं वर्ष संपल्यावर कळतं. प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं (व्यवसाय शिक्षणाची राष्ट्रीय परिषद, आता एनसीव्हीईटी) आहे का हेही विचारा, विशेषतः खाजगी आयटीआयकडे वळलात तर. आणि काही महिन्यांचे जे कौशल्य विकासाचे मोफत कोर्स असतात, पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतले वगैरे, ते आणि आयटीआय एक समजू नका. ते वाईट नाहीत, पण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं दार त्यांनी उघडत नाही.

थोरली_ताई
खूप आभार सगळ्यांचे. बाबा अजून अकरावी सायन्सवर अडून आहेत, त्यांना काय सांगू?

मेंटेनन्स_दादा
त्याला गणित आवडतं का ते बघा. आवडत असेल तर बाबांचं चुकीचं नाही, सायन्सनं बारावी केली तरी पुढं डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि आयटीआयला तर वरच्या वयाची अटच नाही, नंतरही येता येईल. पण गणित नावडतं आणि फक्त लोक काय म्हणतील म्हणून सायन्स घेतलं तर २ वर्षं क्लासच्या फीत जातील आणि तो परत इथंच येऊन उभा राहील.

थोरली_ताई
आज जाऊन आलो. वर्कशॉपमध्ये फिटरला स्वतःचे सर आहेत, बेंच व्हाइस (तुकडा पकडायचे शिकंजे) सगळे जागेवर, लेथ तीन चालू एक बंद. एका मुलानं त्याचा जॉब काढून दाखवला, दोन तुकडे एकमेकांत बसवलेले, आणि माझा भाऊ जो घरी तोंड उघडत नाही तो त्या पोराशी अर्धा पाऊण तास बोलत उभा होता, मी बाहेर पायरीवर बसून राहिले. येताना एसटीत स्वतःहून म्हणाला, फिटरच घेतो. बाबांना अजून पटलेलं नाही पण उद्या कागदपत्रं घेऊन बरोबर येणार आहेत.

त्याला फक्त इंजिनिअरिंग ड्रॉइंगची भीती वाटतेय, शाळेत चित्रकला कधी जमली नाही म्हणतो.

जुने_निदेशक
चित्रकलेचा संबंध नाही, त्याला सांगा. वर्ग सुरू होईपर्यंत रोज घरातली एक वस्तू घ्यायची, काडेपेटी, खिळा, नळाची तोटी, आणि ती समोरून, वरून, बाजूनं कशी दिसते हे पट्टीनं मापं घेऊन तीन वेगळ्या चौकटींत काढायचं. पहिल्या आठवड्यात तोटी नको, काडेपेटीच.