मदत हवी आहे: रेडिएशननंतर पीएसए परत चढला. ऑपरेशन की हायफू?

मिरजकर:
बाबांना प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालं होतं. आता पीएसए (या कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ततपासणी) २.६. एक सर्जन म्हणतात ग्रंथी काढा, दुसरे हायफू, म्हणजे ध्वनिलहरींच्या उष्णतेनं गाठ जाळायची, म्हणतात. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. थेट उत्तर द्या प्लीज.

ऋता:
रेडिएशन कधी, बाहेरून की ब्रॅकी (ग्रंथीच्या आत किरणोत्सारी स्रोत ठेवून)? पीएसए सर्वांत खाली कितीवर गेला होता? त्या आकड्यापेक्षा २ ने जास्त झाल्याशिवाय आजार उलटला असं धरत नाहीत. ब्रॅकीनंतर तर पहिली दोन-तीन वर्षं पीएसए थोडा चढून आपोआप उतरतोही.

मिरजकर:
२०१९, बाहेरून, २० सिटिंग. सर्वांत कमी ०.३. दहा महिन्यांपूर्वी १.३ होता. पीएसएमए पेटमध्ये (कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारं स्कॅन) फक्त प्रोस्टेटच्या उजव्या बाजूला दिसतंय.

ठाणेकर:
मग काढूनच टाका. नंतर पीएसए शून्याजवळ जायला हवा, नाही गेला तर लगेच कळतं.

ऋता:
कळतं, पण किंमत बघा. रेडिएशननं ग्रंथी गुदाशयाला चिकटते, टाके नीट भरत नाहीत, मूत्राशयाचं तोंड आकसतं. रेडिएशननंतर उलटलेल्या आजारावरच्या अनेक अभ्यासांचं एकत्र 'मास्टर' विश्लेषण २०२१ला आलं, त्यात पाच वर्षं आजार न उलटण्याचं प्रमाण सगळ्या उपायांत साधारण ५० ते ६० टक्के. लघवीचे गंभीर त्रास मात्र ऑपरेशन आणि हायफूत २० टक्क्यांच्या वर, पुन्हा रेडिएशन दिल्यास ४ ते ८. त्यातल्याच एचडीआर ब्रॅकीबद्दल (सुयांतून थोडा वेळ जोरदार मात्रा देतात) विचारलंत का?

ठाणेकर:
त्यातले बहुतेक अभ्यास जुन्या नोंदी मागे वळून बघून केलेले. कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरांनी आधीच निवडलेलं, तेव्हा आकडे समोरासमोर ठेवू नका.

कोकणी_बाणा:
पीएसएच्या आधी दोन दिवस सायकल चालवू नये. फिनास्टेराइड (प्रोस्टेट वाढल्यावर देतात ती गोळी) चालू असेल तर आकडा निम्माच दिसतो.

ऋता:
सायकलचं कुणी विचारलं नव्हतं, पण फिनास्टेराइडचा मुद्दा बरोबर. मिरजकर, बाबा ती गोळी घेतात का? लघवीची धार कशी आहे? आधी टीयूआरपी, म्हणजे लघवीच्या वाटेनं प्रोस्टेट खरवडायचं ऑपरेशन, झालंय का? धार अडत असेल तर ब्रॅकीनंतर लघवी तुंबते. गाठ पुढच्या भागात असेल किंवा मध्ये कॅल्शियमचे खडे असतील तर हायफूच्या लहरी तिथे पोचत नाहीत. आणि बायोप्सी?

मिरजकर:
गोळी नाही, धार ठीक, टीयूआरपी नाही. बायोप्सी २०१९ला झाली ना.

ऋता:
ती जुनी. एमआरआय करून नवी घ्या, तिच्याशिवाय यातलं काहीच ठरवू नका. दहा महिन्यांत दुप्पट होणारा पीएसए तीन आठवडे थांबतो, शुक्रवार पुढे ढकला. आणि पुढे कधी शौचातून रक्त आल्यामुळे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं आतड्याची तपासणी) झालीच, तर गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा घेऊ देऊ नका. रेडिएशन झालेल्या त्या जागी फिस्टुला, म्हणजे गुदाशयातून लघवीच्या वाटेत आरपार भोक, होऊ शकतं.