जॅझ बेस घ्यावा की प्रिसिजन? मदत हवी आहे

मंडळी, बेस गिटारच्या जॅझ आणि प्रिसिजन या दोन मॉडेलांत अडकलोय. सनबर्स्ट रंगाचा एक जॅझ बेस दुकानात हातात घेतला आणि आपली विकेटच गेली! मान नटपाशी (वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) जेमतेम दीड इंच रुंद, माझ्या आखूड बोटांना एकदम सोयीची. पुलाजवळच्या (खालच्या टोकाला तारा अडकतात तो भाग) पिकअपवर, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी पट्टीवर, बोट टेकवून वाजवलं की आवाज असा खणखणीत, की ढोलकी-ढोलकच्या गर्दीतही प्रत्येक सूर वेगळा ऐकू यावा. घरी अजून विषय काढलेला नाही, तो वेगळाच अध्याय.

अडचण अशी. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की शांत. एकाचा व्हॉल्यूम खाली आणला की गुणगुण सुरू. दोन कॉइल उलट गुंडाळलेल्या असल्याने एकमेकींची गुणगुण खोडतात, हे ठाऊक आहे. पण मला तर एकट्या पुलाजवळच्या पिकअपचाच आवाज आवडलाय! आमचे कार्यक्रम मांडवात, वायरिंगचा आनंदीआनंद. तिथे हा त्रास कितपत जाणवतो? आवाज न बदलणारे हमकॅन्सलिंग (गुणगुण खोडणारे) पिकअप कुणी बसवलेत का? प्रिसिजनच्या दुभागलेल्या पिकअपला (1957 पासूनची रचना) ही कटकट नाही, पण त्याची मान मला जाड वाटते.

दुसरं, कोकणातल्या पावसाळ्यात मान वाकते तेव्हा ट्रस रॉड (मानेचा बाक सरळ करणारी आतली सळई) स्वतः फिरवता की कारागिराकडे नेता?

आणि घरात रियाजाला काय वापरता? खालच्या ई तारेचा सूर 41 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे फार खोल, त्यामुळे स्पीकरच्या काळजीने गिटारच्या छोट्या अँपला (अँप्लिफायरला) जोडायचा धीर होत नाही. हेडफोनवर भागतं का? दुकानदाराने रविवारपर्यंत बाजूला ठेवलाय, लवकर सांगा.