‘डिस्टोपिया’ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठेतली माझी भाची यंदा अकरावीला आहे. सुटीत तिच्या हातातलं पुस्तक सुटेना, तेव्हा आजीने विचारलं, काय वाचतेस?
“डिस्टोपियन रोमान्स वाचून राहिली, आजी.”
“म्हंजे काय असते ते?”
भाचीला सांगता येईना, मलाही नाही. ‘अंधेरनगरी’ किंवा ‘मोगलाई’ चालेल का?

प्रतिसाद

दोन्ही नकोत. या शब्दांत अंदाधुंदी आहे, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. ‘बजबजपुरी’चंही तेच. या कादंबऱ्यांत नेमकं उलट असतं. रस्ते स्वच्छ, रेशन मोजून, शहराभोवती भिंत. सोळाव्या वर्षी समारंभात प्रत्येकाचा गट ठरतो, कधी जोडीदारही सरकारच नेमून देतं. सगळं शिस्तीत चालतं आणि त्या शिस्तीनेच जीव घुसमटतो.

एकीकडे लहानपणचा मित्र, दुसरीकडे राजवटीच्या आतला मुलगा, या प्रेमत्रिकोणाला पुष्कळ जण नावं ठेवतात. मला तो हवासा वाटतो. जिथे कामधंदाही दुसरेच ठरवतात, तिथे दोघांतून एकाला स्वतः निवडणं हेच त्या मुलीचं पहिलं बंड असतं.

प्रतिसाद

थोडी व्युत्पत्ती. इंग्रज लेखक टॉमस मोरने १५१६ साली आपल्या पुस्तकातल्या कल्पित आदर्श बेटासाठी ‘यूटोपिया’ हे नाव ग्रीकवरून घडवलं. अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’, पण कानाला ‘चांगली जागा’ असंही ऐकू येतं. आपल्याकडे त्या अंगाने रामराज्य आहे, समर्थांचं आनंदवनभुवन आहे. ‘डिस्’ म्हणजे वाईट. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ साली ब्रिटिश संसदेत, आयर्लंडविषयीच्या धोरणावर टीका करताना ‘डिस्टोपियन’ हा शब्द वापरला. ‘दुःस्थान’ असा शब्दशः अनुवाद होईल, पण तो पत्रिकेतल्या सहाव्या-आठव्या अशुभ घरासारखा वाटतो.

मूळ प्रश्नकर्ती

शिस्तीचा मुद्दा पटला, आणि त्यावरूनच ‘जाच’ आठवला. नियमांचा जाच, सासरचा जाच. जाच पोटभर जेवू घालूनही करता येतो. तो रोजचा असतो, घडी बसवलेला असतो, आणि करणाऱ्याला तो तुमच्या भल्याचाच वाटतो. ‘छळ’ किंवा ‘जुलूम’ यांत ही छटा नाही. म्हणून ‘जाचनगरी’, आणि या प्रकाराला ‘जाचनगरीतली प्रेमकथा’.

आजीला हा शब्द सांगितला. तिला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने एवढंच विचारलं, “मग पोरगी सुटते का तिथून?”