प्रसाद, आरती, वर्गणी: ख्रिस्ती माणसाने रेघ कुठे ओढायची?

उंबरठा
गणपती जवळ आले की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत तोच वाद सुरू होतो. एक गट म्हणतो, सणाच्या दिवशी हिंदू घराची पायरीच चढू नका. दुसरा म्हणतो, देव सगळीकडे एकच, मोदक खा आणि विषय मिटवा. दोघांनाही बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिले पत्र सोयीपुरतं आठवतं. आठवा आणि दहावा अध्याय सलग वाचा. पौल तीन जागा वेगळ्या करतो. मूर्तीच्या देवळातली पंगत (८:१०): नको. बाजारातलं मांस (१०:२५): चौकशी न करता घ्या. अविश्वासणाऱ्याच्या घरचं जेवण (१०:२७): जा, वाढलेलं खा, पण कुणी ‘हा नैवेद्य आहे’ असं सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका (१०:२८). मूर्तीला अर्पिलेलं मांस तिन्हीकडे तेच असू शकतं. फरक जागेचा, आणि तुम्ही तिथे बसलात याचा लोक काय अर्थ घेतात त्याचा.

आता हे आपल्याकडे लावू. दिवाळीत डब्यातून आलेला फराळ म्हणजे बाजारातलं मांस. शेजारणीला ‘लक्ष्मीपूजनात ठेवला होता का’ असं विचारत बसू नये. आरतीनंतर ‘घ्या प्रसाद’ म्हणून हातावर ठेवलेला मोदक म्हणजे सांगून दिलेला नैवेद्य. तो नम्रपणे नाकारावा. आरतीला मागच्या बाजूला, हात न जोडता उभं राहता येतं. मात्र मंत्रपुष्पांजलीच्या आधी सगळ्यांच्या हातात फुलं देतात, गडबड तिथे होते. फूल एकदा हातात आलं की ते वाहायचं नाही तर करायचं काय? आणि तबक फिरत आलं की ज्योतीवर हात फिरवणं ही सवयीने होणारी गोष्ट आहे. म्हणून आरतीच्या वेळी न जाता जेवणाच्या वेळी जावं. वर्गणी मंडळाच्या रक्तदान शिबिराला किंवा वह्यावाटपाला द्यावी आणि पावतीवर तसं लिहून घ्यावं.

शालोम_पुणे
मांडणी नीट आहे, पण सोयीची आहे. तुम्ही १०:२५ ते २८ वाचलंत आणि १०:२० व २१ वरून उडी मारलीत. प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. प्रेषितांची कृत्ये १५:२९ मध्ये यरुशलेमच्या मंडळीने परराष्ट्रीयांवर नियमशास्त्राचं ओझं टाकलं नाही, तरी मूर्तीला अर्पिलेलं टाळायलाच सांगितलं. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात पर्गम आणि थुवतीरा या दोन मंडळ्यांवर याच कारणासाठी ठपका आहे.

‘चौकशी करू नका’ हा नियम करिंथच्या बाजारात चालत होता, कारण कोणतं मांस देवळातून आलंय हे गिऱ्हाइकाला दिसत नसे. गणपतीच्या मांडवात कुणाला काय माहीत नसतं? तिथे न विचारणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून घेणं. आणि वर्गणीची पावती ‘रक्तदान’ म्हणून फाडा, गल्ला एकच असतो. शिबिराला तुमचे पाचशे गेले की मंडळाचे तेवढे पाचशे रोषणाईला मोकळे होतात.

वसईकर
मी कॅथलिक बाजूने लिहितो. दोघेही पौलावर भांडताय, पण चर्चने यावर चारशे वर्षं डोकं खाजवलंय तेही बघा. मदुराईत रॉबर्ट दी नोबिली या जेझुइट मिशनऱ्याने जानवं, शेंडी आणि गंध हे सामाजिक खुणांमध्ये धरले. १६२३ साली पोप पंधराव्या ग्रेगरीने त्याला, त्यातला पूजेचा भाग वगळण्याच्या अटीवर, मान्यता दिली. चीनमध्ये पूर्वजांना मान देण्याच्या विधीवर १७४२ साली कायमची बंदी आली आणि १९३९ साली रोमने ती स्वतःच सैल केली. गोव्यात १७३६ सालच्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) हुकुमाने तर अंगणातली तुळस आणि लग्नातली गाणीसुद्धा गुन्हा ठरवली. त्या बंद्यांनी विश्वास घट्ट झाला असं कुणी दाखवून द्यावं.

दुसरीकडे १९६९ साली भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून रोमने बारा गोष्टींना परवानगी दिली: पादत्राणं काढून मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, समई, मिस्सामध्ये (आमच्या उपासनेत) आरती. म्हणजे तबक, कापूर, फुलं आमच्या वेदीसमोरही आहेत. कुणासमोर ओवाळता हा प्रश्न आहे, तबकाचा नाही. उंबरठा यांची फुलांबद्दलची सूचना मला पटते. नुसत्या हजेरीची भीती मात्र पटत नाही.

शालोम_पुणे
वसईकर, १९६९ ची परवानगी आपल्या उपासनेला देशी रूप देण्याची होती, दुसऱ्याच्या उपासनेत सामील होण्याची नव्हती. ही दोन टोकं तुम्ही एकाच परिच्छेदात बांधलीत. टिळकांचंही असंच केलं जातं. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, हे सगळे सांगतात. पूल ओलांडून पुढे आले आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर तुटलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, ही किंमत कुणी सांगत नाही. अभंग, ओवी, कीर्तन त्यांनी घेतलं. प्रसाद घेतला नाही.

रोखठोक
मी हिंदू आहे, नगरचा, अर्धी गल्ली ख्रिस्ती. सरळ विचारतो. आम्ही नाताळात तुमच्याकडे केक खातो, करंज्या खातो, चर्चमध्ये मेणबत्ती लावतो. आम्ही कधी ‘येशूला दाखवलाय का’ विचारलं नाही. मग आमचा मोदक का टोचतो? हात मागे घेतलात की घरातल्या म्हातारीला वाटतं, आपल्याला बाटगं समजतात. सहिष्णुता एकाच बाजूने करायची का?

उंबरठा
रोखठोक, तुमचा प्रश्न वर आलेल्या सगळ्या वचनांपेक्षा जड आहे. पण केक हा प्रसाद नव्हे. तो कोणत्याही विधीत येत नाही, बेकरीतून येतो. प्रसादाची बरोबरी करायची तर प्रभुभोजनाच्या भाकरीशी करा, आणि ती आम्ही तुम्हाला देत नाही. कॅथलिक मिस्सामध्ये तर प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसालाही सहसा देत नाहीत. त्यात तुमचा अपमान नसतो. ती घेणं म्हणजे ‘मी यांचा’ असं म्हणणं असतं. प्रसादालाही आम्ही तेवढंच वजन देतो. हलका समजलो असतो तर खाल्लाच असता.

नाकारायची रीत मात्र आपल्याच लोकांना शिकवायला हवी. हात झटकन मागे घेणं वाईट. त्याहून वाईट म्हणजे घेऊन कागदात गुंडाळणं आणि जिन्यात टाकणं. ते सापडतं, आणि मग खरंच मनं तुटतात. यजमानांना आधीच, एकट्यात सांगावं: ‘काकू, प्रसाद आमच्यात चालत नाही, पण जेवायला नक्की येतो.’ आणि मग खरंच जावं, पोटभर जेवावं.

सत्यनारायणाचं मात्र वेगळं आहे, हे आपल्या पाळकांनाही ठाऊक नसतं. त्या कथेतच प्रसाद टाकून जाणाऱ्याचं नुकसान सांगितलंय: कलावती प्रसाद सोडून धावली आणि नवऱ्याची नाव बुडाली, तुंगध्वज राजाने गवळ्यांचा प्रसाद घेतला नाही आणि मुलं व वैभव गेलं. त्यामुळे सव्वाच्या मापाचा तो शिरा नाकारला की यजमानीण नुसती रागावत नाही, ती धास्तावते. तिला त्या भीतीत टाकण्यापेक्षा त्या दिवशी पूजेला न जाता दुसऱ्या दिवशी चहाला जाणं बरं.

कलम२५
कायद्याचं थोडं, कारण यात चुकीची कलमं फेकली जातात. वर्गणीला विरोध करताना संविधानाचं कलम २७ दाखवू नका. ते सरकारी करापुरतं आहे, मंडळाच्या पावतीपुस्तकाला लागत नाही. वर्गणी मुळातच ऐच्छिक आहे, तेवढं पुरे.

शाळेतल्या सरस्वतीपूजनासाठी कलम २८(३) आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. अर्ज जूनमध्ये, शाळा सुरू होताना द्या. पूजेच्या दिवशी सकाळी गेलात तर मूल एकटं वर्गाबाहेर बसतं आणि दिवसभर चिडवलं जातं. आणि ‘मुलाला पूजेतून वगळा’ एवढंच न लिहिता, ‘तो शांत उभा राहील, पूजा करणार नाही’ असं लिहा. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. ती आदराने उभी राहत होती, याला त्या निकालात मोठं वजन आहे.

मराठवाडी
छान चाललंय. मोदक, शिरा, फुलं. आमच्याकडे प्रश्न आरक्षणासाठी लागणाऱ्या दाखल्याचा आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात आधी फक्त हिंदू होते, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर. त्यामुळे रविवारी उपासना आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’, अशी कुटुंबं गावोगाव आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, बाप्तिस्मा घेऊन नियमित चर्चला जाणाऱ्या बाईला आरक्षणासाठी हिंदू म्हणवता येणार नाही असं ठरवलं. शालोम_पुणे, त्या घराला तुम्ही प्रकटीकरणाचा दुसरा अध्याय वाचून दाखवणार का? मोदक नाकारायला काही पडत नाही. दाखला नाकारायला मुलीची नर्सिंगची सीट पडते.

शालोम_पुणे
वाचून दाखवणार नाही. पण ‘चालतं’ असंही म्हणणार नाही. पोटासाठी खोटं लिहावं लागतं याचा दोष आधी त्या आदेशावर, हे मान्य. मंडळीने करायचं ते असं: नर्सिंगची फी गोळा करायची, मग उपदेश करायचा. क्रम उलटा झालाय.

वसईकर
इथे जुन्या करारातला २ राजे ५ आठवतो. अरामी सेनापती नामान कुष्ठातून बरा झाला, दोन खेचरांवर मावेल एवढी माती घेऊन निघाला, यापुढे दुसऱ्या देवाला अर्पण नाही म्हणाला, आणि लगेच विचारलं: राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन दैवताच्या देवळात वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी. संदेष्टा अलीशाने त्याला ‘शांतीने जा’ म्हटलं.

शालोम_पुणे
क्षमा मागितली, म्हणजे चूक आहे हे त्याला कळत होतं. आणि तो राजाचा चाकर होता. सोसायटीच्या मांडवात तुमच्या हातावर कुठला राजा टेकतो?

मराठवाडी
तलाठी टेकतो.