मदत हवी आहे: आप्पांसाठी जास्त पॉवरचं कानाचं मशीन, बजेट ४० हजार (सोलापूर)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण अर्धवट लिहिलं तर तुम्ही परत तेच विचारणार म्हणून सगळंच लिहितो.

आमचे आप्पा, वय ६८. पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात ३५ वर्षं माग चालवले. एका वेळी चार माग, बारा तासाची पाळी आणि कानात साधा कापसाचा बोळा पण नाही, तेव्हा सांगणार कोण. मागाच्या खडखडाटात सगळे खुणांनी नाहीतर ओठ बघूनच बोलायचे, ती सवय आप्पांना इतकी की ऐकू कमी येतंय हे आम्हाला घरात कळलंच नाही. मोठ्यानं बोलतात म्हणजे कारखान्याची सवय असं वाटायचं. कळलं ते २०२० ला, सगळ्यांनी मास्क लावल्यावर. समोरच्याचं तोंड दिसेना आणि ह्यांना एक शब्द कळेना.

आत्ताचा रिपोर्ट, म्हणजे ऐकण्याचा लॉस (घट) किती ते: उजवा कान ८२ डेसिबल, डावा ९१. उजवा सिव्हियर (तीव्र), डावा प्रोफाउंड (अतितीव्र) असं लिहिलंय.

आधी ऑनलाईन २२०० चं मागवलं. ते सगळंच मोठं करतं, पंख्याची घरघर, भांडी, फोडणी, आणि माणसाचं बोलणं त्यात बुडून जातं. दोन दिवसात आप्पांनी काढून ठेवलं. मग गावातल्याच एका दुकानातनं २६ हजाराचं घेतलं, कानामागं बारीकसं, बारीक वायर आणि टोकाला मऊ रबरी टोपी. दुकानदार म्हणे बघा की, दिसतसुद्धा नाही, लग्नाकार्यात बरं पडतं. आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की काहीच नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी लॅपटॉपला जोडून बघितलं तर तिथले म्हणाले, आप्पांचा लॉस जिथं आहे तिथपर्यंत ह्या मशीनची पॉवर पोचतच नाही. म्हणजे सेटिंग कितीही करा. राग दुकानदाराचा आलाच, पण जास्त स्वतःचा आला. ६८ वर्षांच्या माणसाचा कान कोण बघायला बसलंय, आणि मी ‘दिसत नाही’ ह्यावर पैसे मोजले.

आता नवीन जोडीचं कोटेशन १ लाख १० हजार आलंय. माझी ताकद ४०, ओढूनताणून ५०. एकाच कानाला घेतलं तर चालेल का? कोणत्या कानाला? सरकारी योजनेतनं मिळतं ते एवढ्या लॉसला पुरतं का? आणि वापरलेलं घ्यावं का? जाणकारांनी सांगा, लई फिरून झालंय.

*

निळा स्टिकर:
मी स्वतः १४ वर्षं वापरतोय, दोन्ही कान ९० च्या आसपास. तुम्हाला ‘सुपर पॉवर बीटीई’ पाहिजे, कानामागचं जाडजूड, ६७५ नंबरचा सेल लागणारं. निळ्या स्टिकरचा तो मोठा सेल. फोनॅकचं नाईडा, ओटिकॉनचं एक्सीड ही ह्या गटातली नावं. आता पैशाचं ऐका. एकाच मॉडेलमध्ये स्वस्त-महाग लेव्हल असतात. वरच्या लेव्हलला चॅनेल (आवाजाचे वेगवेगळे सेट करता येणारे पट्टे) जास्त, गोंगाट दाबायची अक्कल जास्त, पण ताकद बहुतेक तीच. आप्पा घरात आणि कट्ट्यावरच असतील तर सगळ्यात खालची लेव्हल घ्या. दुकानदार वरची दाखवणार, तुम्ही खालीच बोट ठेवा. एकच परवडत असेल तर शब्द कुठल्या कानाला जास्त कळतात त्याची स्पीच टेस्ट करा. नुसत्या डेसिबलवर कान ठरवू नका.

कडक भाकरी:
ती रबरी टोपीच मुळात चूक आहे दादा. एवढ्या लॉसला कानाचं माप घेऊन बनवलेला मोल्ड लागतो, कान गच्च बंद करणारा. फटीतनं आवाज बाहेर आला की तो परत माईकमध्ये जातो, तीच शिट्टी. माझ्या सासूबाईंचं महागाचं मशीन शिट्टी मारायचं म्हणून बदलायला निघालो होतो, नवा मोल्ड केला आणि थांबलं. आतली नळी पण कडक होते, ती बदलत राहा.

होटगी रोडवरून:
मशीनच्या आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवलंत का? नुसत्या मागाच्या आवाजानं सहसा आधी बारीक आवाज जातात, स, श, ट असले. एवढा सरसकट लॉस म्हणजे सोबत वय, जुना कान फुटलेला, असं काही असू शकतं. मळ असला तरी फरक पडतो. सिव्हिलला दाखवा आणि तिथंच अपंगत्वाच्या दाखल्याचं विचारा. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दोन्ही कान ७० डेसिबलच्या पुढं असले की कर्णबधिर धरतात, तुम्ही त्यात बसता. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालं की केंद्राच्या ॲडिप योजनेत मशीन मागता येतं, उत्पन्नाचा दाखला लागतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथं तपासणीपासून मोल्डपर्यंत सगळं होतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० पण ६५ च्या पुढच्यांना आहेत, दोन लाखाच्या आत उत्पन्न असेल तर. मशीन त्यात येणार नाही, मोल्ड आणि सेल निघतील.

निळा स्टिकर:
वापरलेल्याबद्दल राहिलं. डिजिटल मशीन परत प्रोग्राम करता येतं, मोल्ड मात्र आप्पांच्या मापाचा नवा. पण आधी त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला ऑडिओलॉजिस्ट गाठा, नाहीतर मशीन हातात आणि सेटिंग करणारा कोणी नाही. आणि ट्रायल घरी आणून घ्या, दुकानाच्या शांत खोलीत सगळंच ऐकू येतं.

*

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. परवा सिव्हिलला नेलं, उजव्या कानातनं बराच मळ निघाला, आता परत ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) होणार आहे. डावा आहे तसाच. स्पीच टेस्टचं विचारलं तर उजवा बरा निघेल म्हणाले. आप्पांना मोठं मशीन चालेल का विचारायचं होतं, पाटीवर लिहून विचारलं. म्हणाले, मागाच्या धोट्याएवढं असू दे, पण तुझ्या आईचं बोलणं कळलं पाहिजे. म्हणजे रंगरूपाचा प्रश्न मिटला. सोमवारी मोल्डचं माप देतोय आणि दाखल्याचे कागद पण टाकतोय.

एक शेवटचं, ६७५ चे सेल सोलापुरात कुणी रेग्युलर घेतं का? नवी पेठेत दोन दुकानात विचारलं, घड्याळाचे सेल काढून दाखवले.