क्रूझवरची पाणबुडी: खरी की नावापुरती?

वृषाली, बी-३०२: क्रूझच्या यादीत बेटावरचे पाच पर्याय आहेत. सबमरीन, सेमी-सबमरीन, काचतळाची बोट, हेल्मेट घालून सी-वॉक (समुद्राच्या तळावर चालणं) आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी). सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि लेक चार वर्षांची. बुकिंग आज रात्री बंद होतंय. जाणकारांनी सांगा प्लीज.

माधवकाका, ए-१०१: नावावर जाऊ नकोस, वर्णन वाच. 'सेमी' असेल तर ती बुडी मारत नाही. डेक पाण्यावरच राहतं, आपण खाली तळात बसायचं. खिडक्या पाण्याखाली जेमतेम दीड-दोन मीटर. खरी पाणबुडी ३० मीटर किंवा त्याहून खाली जाते. जाहिरातीत फोटो दोन्हींचे सारखेच, काच आणि मासे! कमाल खोली लिहिलेली नसेल तर सेमीच समज.

प्रणव, सी-४०४: मग खोल जाणारीच घ्या ना. पैसे देतोच आहोत.

माधवकाका, ए-१०१: अरे, खोल गेलं की रंग जातात. पाणी आधी लाल रंग गिळतं, पाचेक मीटरनंतर तो फारसा उरत नाही. मग नारिंगी, मग पिवळा. ३० मीटरवर सगळं निळंकरडं, लाल मासाही काळपट दिसतो. रंगीत प्रवाळ बघायचं तर उथळ पाणी हवं आणि सूर्य डोक्यावर हवा. म्हणून सेमी किंवा काचतळ घेणार असाल तर सकाळी १० ते दुपारी २ मधली फेरी घ्या. खोल जायचं ते प्रवाळाचा कडा किंवा बुडालेलं जहाज बघायला.

नीलिमावहिनी, बी-२०५: सासूबाईंसाठी खोलीपेक्षा शिडी महत्त्वाची. खरी पाणबुडी सहसा धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटीने समुद्रात नेतात, तिथे हलत्या बोटीवरून हलत्या पाणबुडीवर पाय टाकायचा. मग झाकणातून उभी शिडी, तीही शिडीकडे तोंड करून उलटं उतरायची. येताना तेच वर. 'गुडघ्याला चालेल का' असं विचारलंत तर सगळे हो म्हणतात. 'पायऱ्या किती, जिना की शिडी, कठडा दोन्ही बाजूंना आहे का' असं विचारा.

वृषाली, बी-३०२: आणि लेकीला घेतात का?

नीलिमावहिनी, बी-२०५: अनेक पाणबुड्यांवर वयाऐवजी उंची बघतात, ३६ इंच. आजच दाराला उभी करून मोजा. सी-वॉक मात्र तिच्यासाठी नाही.

प्रणव, सी-४०४: सी-वॉक मला आवडेल. चष्म्याचं काय करतात?

नीलिमावहिनी, बी-२०५: चष्मा डोळ्यांवरच राहू दे. हेल्मेट खालून उघडं असतं, वरून नळीने हवा येत राहते म्हणून पाणी आत चढत नाही. पण ती हवा भोवतालच्या पाण्याइतक्या दाबाची. ५ मीटरवर वरच्यापेक्षा दीडपट. शिडीच्या दर दोन पायऱ्यांना गिळायचं, नाहीतर हात हेल्मेटखालून आत घालून नाक धरायचं आणि हलकेच फुंकायचं. कान दुखायला लागल्यावर नव्हे, आधीपासून. सर्दी असेल तर जाऊच नका. वर येताना श्वास रोखायचा नाही. पाणबुडीत हा प्रश्नच नाही, आतला दाब जमिनीवरचाच. स्कूबा घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशीचं विमान बघावं. एका बुडीनंतरही किमान १२ तास थांबायला सांगतात.

माधवकाका, ए-१०१: पोटाचं कोणीच बोललं नाही! खाली गेलेली पाणबुडी स्थिर असते. सेमी मात्र लाटांवर डुलते, आणि आपण क्षितिज न बघता खिडकीत डोकं घालून बसलेलो. मळमळ तिथेच जास्त. मधली जागा धरा. गोळी घेणार असाल तर तासभर आधी, बोटीत बसल्यावर उपयोग नाही. लेकीचा डोस डॉक्टरांनाच विचार.

प्रणव, सी-४०४: फोटोंचं मी सांगतो. फ्लॅश बंद, नाहीतर काचेत फक्त फ्लॅश येतो. लेन्स काचेला टेकवा, काळा शर्ट घाला म्हणजे आपलंच प्रतिबिंब पडत नाही. सपाट काचेतून मासे जवळ आणि मोठे दिसतात, त्यामुळे 'केवढा मोठा होता' हे घरी जपून सांगा.

वृषाली, बी-३०२: सेमीच बघते मग. क्रूझकडून घेऊ की बेटावर उतरून? बाहेर स्वस्त आहे.

माधवकाका, ए-१०१: जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकणार ते आधी बघ. नांगर टाकला तर छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं, त्या रांगेतच तास जातो. क्रूझच्या सहलीला उशीर झाला तर जहाज साधारणपणे थांबतं, बाहेरच्या सहलीसाठी थांबत नाही. आणि बेटाचं घड्याळ जहाजाच्या घड्याळापेक्षा वेगळं असू शकतं, परतीची वेळ जहाजाचीच धरायची.

नीलिमावहिनी, बी-२०५: लाटा जास्त असल्या तर फेरी रद्द होते, तेव्हा पैसे परत मिळतात. पण आदल्या रात्री पाऊस पडून पाणी गढूळ झालं तरी फेरी निघते, आणि दिसत काहीच नाही. त्याचे परत देतात का, ते बुकिंगआधी लिहून घ्या.

वृषाली, बी-३०२: मेल टाकला. पायऱ्यांचंही विचारलंय, कठड्यासकट.