मदत हवी आहे: पीएस फाइव्ह डिजिटल की एक्सबॉक्स सिरीज एस? आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय

तांबडी_माती (सकाळी ९:४०)
भाऊ आज रात्रीच्या गाडीने मुंबईहून गणपतीला येतोय, येताना गेमचं मशीन आणणार आहे. सोनीचं पीएस फाइव्ह (प्लेस्टेशन) डिजिटल आणि मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स सिरीज एस, दोन्ही चांगल्या भावात मिळतायत. संध्याकाळच्या आत त्याला कळवायचंय. व्हिडिओ बघून बघून डोकं भणाणलंय, प्रत्येकजण वेगळंच सांगतो. ज्यांच्या घरी आहे त्यांनीच सांगा. एकच नाव सांगा, फार लांबण नको.

बंदरावरचा (९:५२)
बजेट किती? खेळणार कोण? कुठले गेम? नेट कसलं आहे? एवढं लिहिल्याशिवाय एकच नाव कसं सांगणार?

रात्रपाळी (९:५५)
सिरीज एस. डोळे झाकून घे. पिशवीत मावतं, गर्दीच्या गाडीतून आणायला बरं. गेम पासची वर्गणी भरली की ढिगाने गेम, एकेक विकत घेत बसायला नको. माझ्याकडे रत्नागिरीत फायबरवर मस्त चाललंय.

जुना_सर्किट (१०:०४)
धागाकर्ते, तुम्ही निवडलेल्या दोन्ही मशीनमध्ये डिस्क जात नाही, हे बघितलंय ना? सिरीज एसला डिस्क ड्राइव्ह नाही आणि नंतर जोडताही येत नाही. पीएस फाइव्ह डिजिटलमध्ये दोन प्रकार आहेत. २०२० चं जाडजूड मॉडेल असेल तर तेही कायमचं बिनडिस्कचं. २०२३ पासूनचं स्लिम असेल तर ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन बसवता येतो. डिस्क नाही म्हणजे गेम फक्त कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून, कंपनी म्हणेल त्या भावात. सोनीच्या नव्या गेमची किंमत पाच हजारांच्या आसपास असते. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राला देता येते. डिजिटल गेम तुमच्या खात्याला चिकटतो, तो विकायची सोयच नाही.

रात्रपाळी (१०:११)
आता डिस्क कोण वापरतं? एक गेम बदलायला उठायचं, ओरखडा पडला की पैसे गेले.

तांबडी_माती (१०:१५)
नेट आहे. टीव्ही आहे. लाईट पण आहे. फक्त दोघांपैकी कुठलं ते सांगा ना.

आठळी (१०:१८)
दोन्ही नको. त्याच पैशात थोडी भर घालून पीसी बांध. गेम स्वस्त पडतात, मुलांचा अभ्यासही होतो. कन्सोल म्हणजे कंपनीच्या दावणीला बांधून घेणं.

बंदरावरचा (१०:२०)
आठळी, आज रात्री गाडीत बसणारा माणूस संध्याकाळपर्यंत पीसी कुठून बांधणार?

मालवणी_खेळगडी (१०:२६)
रे बाबा, तुका खेळूक काय व्हया ता आधी सांग. फुटबॉल काय गाडयो? आणि नेट खंयचा आसा घराक? फायबर काय मोबाईल?

तांबडी_माती (१०:३९)
गाव देवगड तालुक्यात. फायबर आमच्या वाडीत आलेलं नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट लावतो, दिवसाला दोन जीबी मिळतात. फोन माडीवरच्या खिडकीत ठेवला की रेंज धरतो. वाडीतली आम्ही पोरं मिळून खेळणार, फुटबॉल मुख्य. पुढे गेम एकमेकांत फिरवायचे असा विचार आहे, कारण वरच्या वाडीतल्या मित्राकडे पीएस फाइव्ह आहे.

जुना_सर्किट (१०:४५)
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! आता हिशोब सोपा आहे. मोठा गेम शंभर जीबीच्या आसपास असतो. दिवसाला दोन जीबी म्हणजे एक गेम उतरायला पन्नास दिवस, तेही फोनवर दुसरं काहीच न करता. आणि मित्राशी गेम फिरवायचे असतील तर डिस्कशिवाय मार्ग नाही.

रात्रपाळी (१०:५१)
भाऊ मुंबईत डाउनलोड करून आणेल की. खात्याचं मुख्य मशीन म्हणून तेच लावलं की विकत घेतलेले गेम नेटशिवायही चालतात.

जुना_सर्किट (१०:५८)
विकत घेतलेले, हो. गेम पासचे कायम नाहीत, मधूनमधून नेटवर जावंच लागतं. वर्गणी थांबली की ते बंद, डाउनलोड केलेले असले तरी. शिवाय सिरीज एसचं मूळ मॉडेल ५१२ जीबीचं, त्यातली बरीच जागा सिस्टीमच खाते. मोठे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बसतील. नवा हवा असला तर आधीचा काढा आणि भावाची पुढची फेरी शिमग्याला.

रात्रपाळी (११:०६)
डिस्क म्हणजे मालकी हा भ्रम आहे. युबीसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा गेम आठवतो? ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, डिस्क विकत घेतलेल्यांचाही गेम सुरू होत नाही. डिस्क शोकेसमध्ये ठेवा फक्त. सोनीने तर पीएस थ्रीमध्ये लिनक्स (पीसीवर चालते ती सिस्टीम) टाकायची सोय आधी दिली आणि १ एप्रिल २०१० च्या अपडेटने काढून घेतली. मशीन लोकांच्या घरात, पैसे देऊन घेतलेलं.

जुना_सर्किट (११:१५)
'द क्रू' सतत ऑनलाइन लागणारा गेम होता, म्हणून मेला. डिस्कवर पूर्ण गेम असेल आणि तो ऑफलाइन चालत असेल तर सर्व्हर बंद होऊनही तो तुमच्याकडे राहतो. आणि ग्राहक बोलले की कंपन्या ऐकतात, हेही विसरू नका. २०१३ साली एक्सबॉक्स वन जाहीर झाला तेव्हा अट होती की मशीनने दर २४ तासांनी नेटवर हजेरी लावायची, जुन्या गेमच्या देवघेवीवरही बंधनं. जूनमध्ये सोनीने एक छोटा व्हिडिओ काढला, पीएस फोरचा गेम मित्राला कसा द्यायचा. एक माणूस दुसऱ्याच्या हातात गेमची डबी देतो. संपला व्हिडिओ. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या. तेव्हा लोक गप्प बसले असते तर आज देवगडच्या पोरांना हा प्रश्न विचारायची सोयही उरली नसती. म्हणून मी डिस्कचा आग्रह धरतो आणि धरत राहीन.

खाडीपलीकडे (११:२२)
निन्टेन्डो स्विच टू कुणीच कसं सुचवलं नाही? जून २०२५ ला आलंय, हातात धरून खेळता येतं, लाईट गेली तरी बॅटरीवर चालतं.

बंदरावरचा (११:२७)
कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही, आयातवाल्यांकडून घ्यायचं, वॉरंटीचं कोण बघणार? शिवाय त्यातली बरीच कार्डं 'गेम की कार्ड' आहेत. कार्डात गेम नसतोच, किल्ली असते. पहिल्यांदा सगळा गेम नेटवरून उतरवायचा आणि पुढे खेळताना कार्डही आत लागतं. कार्ड दुसऱ्याला देता-विकता येतं एवढं बरं, पण दोन जीबीवाल्याला काय उपयोग? निन्टेन्डोच्या २०२५ च्या नव्या करारात तर नियम मोडला असं त्यांना वाटलं तर मशीन कायमचं निकामी करण्याचा हक्क राखलाय. जुनं घेणाऱ्याने तर दहादा विचार करावा.

समईवात (११:३४)
माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहिते. गणपतीत मुलं एकत्र येतात ती भजनाला, फुगडीला, आरतीला. त्या दिवसांत तरी टीव्ही बंद ठेवा. घरात कॅरम असेलच.

मालवणी_खेळगडी (११:३७)
काकी, आरती झाल्यावरच खेळतले ओ. रात्री जागूक तरी काय व्हया ना.

लोखंडी_खिळा (११:४१)
मी टीव्ही-फ्रिज दुरुस्त करतो, किनाऱ्याला. कुठलंही घ्या, पण खाऱ्या वाऱ्याच्या खिडकीसमोर ठेवू नका. बोर्डवर हिरवट पापुद्रा धरतो, सोल्डर खाऊन टाकतो. मशीन उघडलं की पंख्याच्या पात्यांवर ओलसर धुळीचा थर हाताला लागतो. भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून गरम हवा जायला जागा द्या. स्टॅबिलायझर लावा. पावसात गडगडायला लागलं की पिन काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, अधूनमधून चालवलं की आतली ओल सुकते.

तांबडी_माती (११:५०)
स्टॅबिलायझरचं लक्षात ठेवतो, दादा. पण डाउनलोडची चिंता मला नाहीच आहे. पीएस फाइव्ह डिजिटल जुनं आहे, विकणारा स्वतःच्या खात्यासकट देतोय. आत सगळे गेम भरलेले आहेत, फुटबॉलपासून सगळे. नव्याच्या जवळपास निम्म्या किमतीत. म्हणून तर डिजिटल.

बंदरावरचा (११:५२)
थांबा. भावाला आत्ता फोन करा. पैसे देऊ नका म्हणावं.

जुना_सर्किट (११:५९)
+१, लगेच. कारण नीट वाचा. ते गेम मशीनचे नाहीत, त्या माणसाच्या खात्याचे आहेत आणि सोनीच्या करारानुसार खातं विकताच येत नाही. तो घरी जाऊन पासवर्ड बदलेल. पुढे तो दुसरं मशीन मुख्य म्हणून लावेल आणि तुमच्याकडच्या प्रत्येक गेमवर कुलूप दिसेल. पासवर्ड तुम्ही बदललात तरी खरेदीच्या पावत्या त्याच्या नावावर, तो खातं परत मिळवणार. गेम चोरीच्या कार्डाने घेतलेले असतील तर खातंच बंद होतं. पोलिसात जाऊन सांगणार काय, दुसऱ्याचं खातं विकत घेतलं?

रात्रपाळी (१२:०३)
इथे जुना_सर्किट यांच्याशी शंभर टक्के सहमत. खात्यासकट कधीच घेऊ नका, एक्सबॉक्स असलं तरी.

तांबडी_माती (१२:१०)
पण तो माणूस भावाच्या ऑफिसातल्या ओळखीतला आहे. मग जुनं घ्यायचंच नाही का?

बंदरावरचा (१२:१९)
जुनं घ्या, पण रिकामं. भावासमोर त्याने स्वतःचं खातं काढून मशीन फॅक्टरी रीसेट करावं. मग भावाने मोबाईल हॉटस्पॉटवर स्वतःचं खातं उघडून बघावं. कंपनीने बंदी घातलेलं मशीन असेल तर तिथेच अडेल. मूळ बिल मागावं. पंखा ऐकावा, घरघर नको. आणि गेम गेले की त्या डिजिटलला निम्मी किंमतही जास्तच.

जुना_सर्किट (१२:२४)
माझं ऐका, डिस्कवालं पीएस फाइव्ह बघा. पीएस फोरच्या बहुतेक डिस्कही त्यात चालतात, त्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात भाऊ दुपारी जाऊ शकेल ना? एक महत्त्वाचं: स्लिम असेल तर डिस्क ड्राइव्ह पहिल्यांदा नेटवरून नोंदवावा लागतो. ते मुंबईतच करून, एक डिस्क लावून, सगळे अपडेट उतरवून मगच खोक्यात भरावं. गावी येऊन रेंज शोधत बसू नका.

तांबडी_माती (दुपारी २:३५)
भावाने त्या माणसाला आपल्यासमोर रीसेट करून दे म्हटलं. तो म्हणतो रीसेट करायचं तर राहू दे, दुसरं गिऱ्हाईक आहे. भाऊ आता लॅमिंग्टन रोडला निघालाय, डिस्कवालं स्लिम बघतो. बजेट ताणलं जातंय, पण वाडीतली पोरं वर्गणी काढतायत. सोबत काय काय आणायला सांगू? भराभर सांगा.

मालवणी_खेळगडी (२:४१)
दुसरो कंट्रोलर. आणि तो पीएस फाइव्हचोच व्हयो, पीएस फोरचो पीएस फाइव्हच्या गेमाक चालना नाय. फुटबॉलची डिस्क गेल्या वर्षाची घी, स्वस्त गावता. एका टीव्हीर दोघांका खेळूक नेट लागणा नाय.

आठळी (२:४४)
अजूनही म्हणतो, पीसी.

खाडीपलीकडे (२:५०)
माझ्याकडे पीएस थ्रीच्या डिस्क पडून आहेत, त्या चालतील का पीएस फाइव्हमध्ये? कुणाला हव्या असतील तर देतो.

बंदरावरचा (२:५२)
पीएस थ्रीच्या नाही चालत. फोरच्या असतील तर धागाकर्त्याला द्या.

तांबडी_माती (सायंकाळी ६:२०)
घेतलं. ड्राइव्हची नोंदणी आणि अपडेट भावाच्या खोलीवर आत्ता चालू आहे, फुटबॉलची एक आणि गाड्यांच्या शर्यतीची एक डिस्क घेतलीय. दुसरा कंट्रोलर दुकानात नव्हता. कणकवलीत कुठे मिळेल?

मालवणी_खेळगडी (६:२४)
माझो जादा आसा, घेवन येतंय. फक्त पयलो सामनो माझ्याबरोबर.